मदत हवी आहे: आमवातात आपल्याच पेशी हाड कसं खातात?
आईला आरए (म्हणजे हाच आमवात, रुमॅटॉइड आर्थरायटिस) आहे, परवा एक्सरेत बोटाच्या मुळाशी हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसली आणि माझ्या पोटात गोळाच आला, तेव्हापासून वाचतेय. एवढं कळलं की टीएच-१७ नावाच्या रोगप्रतिकारक पेशी आयएल-१७ हे सूज वाढवणारं प्रथिन सोडतात, त्याने सांध्याच्या अस्तरातल्या पेशी रँकएल (हाड खाणाऱ्या पेशी तयार व्हायचा इशारा देणारं प्रथिन) बनवतात आणि मग मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या पेशींच्या) कुळातल्याच पेशी एकमेकींत मिसळून ऑस्टिओक्लास्ट होतात, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या. टीएनएफ हे सूज वाढवणारं आणखी एक प्रथिन आगीत तेल ओततं, वर नवं हाड भरूही देत नाही. माझं अडतंय ते इथे, सूज उतरली, सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला तरी झीज आतून चालू राहू शकते का? आणि डेनोसुमॅब हे हाडांची झीज रोखणारं औषध रँकएल अडवतं तर त्याने सूज का उतरत नाही? इम्युनॉलॉजी शिकलेलं कोणी असेल तर प्लीज सोपं करून सांगा ना.