मदत हवी आहे: लिम्फोमा उलटला, कार-टी सुचवलंय. पेशी काढल्यापासून परत देईपर्यंतचा काळ कसा निभावलात?

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांना (वय ५८, सांगली) डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (रक्तातल्या बी-पेशींचा कर्करोग) आहे. आर-चॉप या केमोच्या सहा सायकल झाल्या, पेट स्कॅन स्वच्छ आला, आणि वर्षाच्या आत मानेत पुन्हा गाठी. नंतरच्या केमोलाही त्या दाद देत नाहीत. आता डॉक्टरांनी नेक्सकार१९ हा भारतात तयार झालेला कार-टी उपचार सुचवला आहे.

आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून उभं केलेलं हे काम. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) काढून त्यांत नवं जनुक घालतात, मग त्या पेशी बी-पेशींवरचं सीडी१९ प्रथिन ओळखून हल्ला करतात. परदेशी कार-टींमध्ये हा ओळखणारा भाग बहुधा उंदराच्या अँटिबॉडीतून येतो. पुरवारांच्या गटाने तो माणसाच्या अँटिबॉडीसारखा करून घेतला. मेंदूवरचे गंभीर दुष्परिणाम चाचण्यांत कमी दिसले, त्यामागे हेही कारण असावं असं मानतात. निकाल मोजता आलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांना गुण आला. आमच्यासाठी हा फार मोठा आधार आहे. उरलेल्यांचा विचारही मनातून जात नाही.

खर्चाची जुळवाजुळव चालू आहे, तो विषय इथे नको.

मला घोर आहे तो मधल्या आठवड्यांचा. पेशी प्रयोगशाळेत वाढत असताना गाठी काही थांबणार नाहीत. तुमच्या माणसाला त्या काळात काय दिलं होतं: केमो, स्टेरॉइड की रेडिएशन? त्याने आजार आटोक्यात राहिला का? गाठी खूप वाढल्यामुळे कुणाची तारीख पुढे गेली का?

पेशी दिल्यानंतर ताप येतो, रक्तदाब उतरतो, हे डॉक्टरांनी सांगितलं आहे. पण डिस्चार्जनंतर किती दिवस रुग्णालयाजवळ राहावं लागलं? मामी एकट्याच सोबत असतील, रात्री ताप चढला तर कुणाला फोन करायचा हे आधी ठरवलं होतंत का? रक्तातल्या पेशी कमी राहिल्याने जंतुसंसर्ग झाला का, इम्युनोग्लोब्युलिन (संसर्गाशी लढणाऱ्या अँटिबॉडी) द्यावं लागलं का?

रुग्ण बरा झाला नसेल तरी अनुभव कृपया लिहा. इथे नको वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शुक्रवारी डॉक्टरांची भेट आहे, त्यांना आवर्जून काय विचारायला हवं तेही सुचवा.