नवीन काय घेतलंत? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

मोठे काका: मंडळी, बरेच दिवस बघतोय. कोणीतरी गाण्यांच्या अल्बमच्या कव्हरचा फोटो टाकतं, खाली "अप्रतिम, जरूर ऐका" लिहितं आणि बाकीचे अंगठे दाखवून मोकळे होतात. अंगठ्यावरून मला काय कळणार? यापुढे ज्याने जे विकत घेतलं असेल त्याने नीट लिहायचं. सुरुवात कुठून करायची, कान कुठे द्यायचा आणि कोणत्या माणसांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं.

आत्या: अण्णा निवृत्त झाला, पण परिपत्रकं काढायची सवय काही गेली नाही.

मोठे काका: तूच कर सुरुवात.

आत्या: करते की. मी 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ची सीडी घेतली. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा, म्हणजे गिटारीतूनच घडवलेलं वाद्य, आणि अमेरिकेच्या राय कूडरची स्लाइड गिटार. 1993 चा अल्बम आहे, पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. पण मला भावलं ते वेगळंच. हे दोघं एकमेकांना भेटले तेच मुळी रेकॉर्डिंगच्या थोडं आधी. एका ख्रिस्ती प्रार्थनागृहात बसले आणि वाजवायला लागले. तालीम नाही, काही नाही.

वहिनी: मग सूर जुळेपर्यंत चाचपडणं ऐकू येत असेल ना?

आत्या: येतं ना, आणि तेच ऐकायचं! पहिल्या तुकड्यात दोघंही फार सभ्यपणे वागतात. एकाने वाक्य टाकलं की दुसरा थांबतो, आधी तुम्ही, आधी तुम्ही. हळूहळू मग एकमेकांचं वाक्य तोडायला लागतात. दोघांचाही सूर तारेवर घसरत जातो, त्यामुळे सुरुवातीला कोण कुठला ते कळत नाही. तारा झणझणल्या की समजायचं भट्ट. मोहनवीणेला तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या जादा तारा, आहेत. डंबेक नावाचा तालवाद्याचा प्रकार वाजवलाय तो राय कूडरच्या मुलाने, तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. तबला सुखविंदरसिंग नामधारी. एकूण चारच तुकडे आहेत, क्रमाने ऐका. ज्यांना ताना-तिहाया मोजायच्या असतात त्यांनी जाऊ नये.

बाबा: म्हणजे मी.

आत्या: तुझं नाव घेतलं नाही हो मी.

छोटू: मोठे मामा, माझा पण घ्या. केंड्रिक लमार या रॅपरचा 'डॅम', 2017. यालाच 2018 मध्ये पुलित्झर मिळालं. त्याआधी संगीताचं पुलित्झर शास्त्रीय आणि जॅझ सोडून कोणालाच मिळालेलं नव्हतं.

दादा: बक्षिसं नको सांगूस, कान कुठे द्यायचा ते सांग.

छोटू: सांगतो रे दादा. यात चौदा गाणी आहेत. पहिलं संपता संपता गोळी झाडल्याचा आवाज येतो. शेवटच्या गाण्यात तो आपल्या वडिलांची गोष्ट सांगतो. एका माणसाने ठरवलं असतं तर त्यांना मारू शकला असता, पण नाही मारलं, आणि पुढे त्याच माणसाच्या कंपनीने केंड्रिकचे अल्बम काढले. ती गोष्ट संपते आणि टेप उलटी फिरल्याचा आवाज येऊन अल्बम पहिल्या वाक्यावर परत जातो. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये याची दुसरी आवृत्ती आली. गाणी तीच चौदा, पण क्रम पूर्ण उलटा. मी तीच घेतली.

बाबा: गाणी तीच, मग दोनदा पैसे कशाला? गेम खेळतो का हा लोकांशी?

छोटू: मामा, सरळ ऐकलं की माणूस मरणाकडे जातो असं वाटतं. उलटं ऐकलं की वाचतो. मी तर असंच ऐकतो. दोन्ही करून बघा.

मोठे काका: हे मला पटलं. रागमालेचा क्रम बदलला की अर्थ बदलणारच. कोणी वाटेला जाऊ नये ते राहिलं.

छोटू: शिव्या आहेत. भरपूर आहेत. स्पीकरवर लावू नका. ज्यांना शब्द न वाचता नुसतं ऐकायचंय त्यांनीही नको, निम्मी मजा शब्दांत आहे. आणि शफलवर तर कोणीच नको.

मी: शफलवरून आठवलं. 2021 मध्ये गायिका ॲडेलचा '30' हा अल्बम आला तेव्हा तिच्या म्हणण्यावरून स्पॉटिफाय ॲपने अल्बमच्या पानावरचं मोठं बटण बदललं. आधी ते दाबलं की गाणी उलटसुलट वाजायची, आता क्रमाने वाजतात. मला तर तोवर कळलंच नव्हतं की आपण कित्येक अल्बम पिसलेल्या पत्त्यांसारखे ऐकतोय.

काकू: 'गारवा' मी आजही क्रमानेच लावते. सौमित्रची कविता, मग मिलिंद इंगळेचं गाणं. कविता झाली की गाणं यायलाच हवं, नुसतं गाणं लावलं की अंगावर पाऊसच पडत नाही. सीडी घासून गेली होती म्हणून परत घेतली. वाटेला कोणीही जावं.

मोठे काका: अगं, नियम आहे.

काकू: नियम ग्रुपवर. घरात नाही.

वहिनी: आता मी. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाख या जुन्या संगीतकाराची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' दोनदा रेकॉर्ड केली. पहिल्यांदा 1955 मध्ये, तेव्हा तो बावीस वर्षांचा. दुसऱ्यांदा 1981 मध्ये. त्या दोन्ही एकत्र असलेला संच घेतला. रचना तीच, वादक तोच, पण पहिली साधारण 38 मिनिटांत संपते आणि दुसरी 51 मिनिटं चालते.

बाबा: तेरा मिनिटं वाढली कुठे?

वहिनी: काही ठिकाणी पुनरावृत्त्या घेतल्यात, आणि बाकीची वाढ लयीत आहे, बाबा. सुरुवातीला एक धून आहे, तिला आरिया म्हणतात. मग तीस रूपं, आणि शेवटी तीच धून परत. आधी दोन्हीतली फक्त पहिली धून लागोपाठ ऐका. 1955 मध्ये तो ती पटकन उरकतो, पुढे काम आहे म्हणून. 1981 मध्ये एकेक सूर खाली ठेवतो आणि पुढच्याकडे वळायच्या आधी त्याच्याकडे बघत बसतो. एवढ्यावरच ठरवा कुठली पुढे ऐकायची. मला दुसरी जास्त आवडली, पण ती सकाळच्या गडबडीत ऐकण्यासारखी नाही. 1982 मध्ये ती बाजारात आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला, पन्नास वर्षांचा.

दादा: एक सांगायचं राहिलं. तो वाजवताना गुणगुणतो. आमच्याकडे पहिल्यांदा लागली तेव्हा मी दार उघडून बघून आलो.

वहिनी: हो, ज्यांना पियानोमागे माणूस नको असतो त्यांनी वाटेला जाऊ नये.

मी: मग माझ्याही वाटेला येऊ नका! मी जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटचा 'द क्योल्न कॉन्सर्ट' घेतला, तोही मध्येच कण्हतो. 24 जानेवारी 1975, जर्मनीतलं कोलोन शहर (क्योल्न म्हणजे तेच), रात्री उशिराची मैफल. ठरलेला मोठा पियानो आलाच नाही. सरावाचा लहान पियानो पुढ्यात आला, वरचे सूर पातळ, खर्ज दुबळा, पेडल धड चालेना. तो वाजवायला तयार नव्हता. शेवटी बसला, आणि आधी काहीही न ठरवता तासभर वाजवलं.

बाबा: वाईट वाद्यावर चांगलं वाजवलं, एवढंच ना?

मी: एवढंच नाही, म्हणून तर लिहिलं. वरची पट्टी कामाची नाही म्हटल्यावर तो मधल्या सप्तकात मुक्काम ठोकतो आणि खर्ज भरत नाही म्हणून डाव्या हाताने तीच तीच लय घोटत राहतो. आपल्याला ती लय नशेसारखी चढते. आता ऐकताना डावा हातच ऐका, उजव्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. दुसऱ्या भागाचे 'ए' आणि 'बी' असे तुकडे दिसतील. त्याने ते थांबून वाजवलेले नाहीत, एलपीची, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीची, बाजू संपली म्हणून तोडलेत. सीडीवर तोडायची गरज नव्हती, तरी नाव तेच राहिलं.

दादा: एलपीच्या बाजूंवर मी बोलू का?

वहिनी: झालं. आता पाणी प्या सगळे.

दादा: थोडक्यात बोलतो. रेकॉर्ड मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास, नेमकं सांगायचं तर 33⅓ फेरे घेते, कडेलाही आणि मध्याजवळही. पण कडेचा फेरा मोठा आणि मधला लहान. म्हणजे कडेला एका सेकंदाच्या आवाजाला जेवढी लांब खाच मिळते तेवढी आत मिळत नाही. त्यामुळे बाजूच्या शेवटी शेवटी तार आवाज, 'स'कार, झांजा फाटल्यासारखे येतात. म्हणून अनेक जुन्या अल्बममध्ये बाजूचं शेवटचं गाणं शांत असतं. आपण म्हणतो काय सुंदर उतरतं केलंय! त्यात निम्मा हात खाचेचा.

बाबा: हे मात्र ऐकण्यासारखं आहे.

दादा: आणि माझी खरेदी. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', 1959. एलपी घेतली, पण आवृत्ती बघून घेतली. रेकॉर्डिंगच्या पहिल्या बैठकीच्या दिवशी टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेलं नेहमीच्या वेगाने वाजवलं की चढं वाजणार. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी जगाने अशी तीसेक वर्षं चढी ऐकली. 1992 च्या आवृत्तीपासून ती सुधारली.

मोठे काका: तीस वर्षं पट्टी चढलेली आणि कोणाच्या लक्षात नाही?

दादा: ज्यांनी सोबत वाजवून बघितलं त्यांना टोचत असणार. सहज ऐकणाऱ्याला नाही कळत. विकत घेताना पाठीमागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा एवढंच. सुरुवात पहिल्यापासून. कान पॉल चेंबर्सच्या बासवर. 'सो व्हॉट'मध्ये बास बोलतो आणि बाकीचे हुंकार भरतात. मग माइल्स आणि त्याच्यामागून सॅक्सोफोनवाला कोल्ट्रेन येतो, पण बासला गप्प बसवत नाही.

बाबा: मला जॅझ म्हणजे सगळे एकाच वेळी भांडतात असं वाटतं.

दादा: म्हणूनच हा घ्या बाबा. यात भांडण नाही. घाई असणाऱ्यांनी येऊ नये.

मोठे काका: आता माझं. गायक उस्ताद अमीर खाँ, एका बाजूला मारवा राग, दुसऱ्या बाजूला दरबारी. 1960 ची एचएमव्हीची एलपी. जुनी पण धड रेकॉर्ड मिळाली, कव्हर कुरतडलेलं आहे. मारवा लावायचा तो दिवस कलता कलता. मारव्यात पंचम, म्हणजे 'प', नाही. षड्ज, म्हणजे 'सा', आहे, पण गवई त्याला बगल देऊन कोमल रिषभावर आणि धैवतावर ठाण मांडतो. ऐकणाऱ्याचा जीव 'सा'साठी टांगणीला लागतो. आणि खाँसाहेब झुमऱ्यात गातात, चौदा मात्रांचा ठेका, इतका संथ की तबलजीचा पुढचा बोल येईपर्यंत आपल्यालाच श्वास घ्यावा लागतो. मैफलीत जे तासभर मांडायचं ते इथे एका बाजूत बसवलंय, वीसेक मिनिटांत. तरी घाई कुठेही नाही. ते कसं जमतं हे मी अजून ऐकतोय.

छोटू: वीस मिनिटं एकच गाणं? आणि 'सा' देतच नाहीत?

मोठे काका: देतात. कधी देतात ते ऐक. मारवा झाला की लगेच उलटून दरबारी लावू नये. दरबारी रात्रीचा. ज्यांना समेवर मान हलवायला मिळाली नाही की चैन पडत नाही त्यांनी वाटेला जाऊ नये.

बाबा: माझ्याकडे 'कॉल ऑफ द व्हॅली' आहे, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद आणि ब्रिजभूषण काब्रा. 1967. सगळ्यांना माहीत आहे म्हणून लिहीत नव्हतो.

मोठे काका: सगळ्यांना माहीत असलेलंच कोणी नीट ऐकत नाही. लिही.

बाबा: काश्मीरमधल्या धनगराचा एक दिवस. पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीपर्यंत रागांचा क्रम लावलाय. संतूर आणि बासरी सगळे ऐकतात, काब्रांची गिटार ऐका. तिच्यामुळे बाकीच्या दोघांना बोलायला जागा मिळते. हाही शफलवर नको, नाहीतर धनगर पहाटेच झोपायला जाईल.

आत्या: बघ, तुला लिहिता येतं.

(रात्री)

छोटू: मोठे मामा, मारवा ऐकला. फोनवरच मिळाला. आधी वाटलं ॲप अडकलंय, मग कळलं लयच तेवढी आहे. एक विचारू? एवढं थांबवून ठेवलेला 'सा' आला, आणि ते त्याच्यावर टेकतच नाहीत. आले आणि निघाले. का?

मोठे काका: टेकले तर मारवा संपला. तुझा कान चांगला आहे. मी तुझा तो डॅम उद्या ऐकतो. आधी सरळ का उलटा?

छोटू: आधी सरळ. आणि हेडफोन लावून, प्लीज.

काकू: हेडफोन मी स्वतः लावून देईन.

बाबा: अण्णा, मारव्याची रेकॉर्ड दोन दिवस दे ना मला.

मोठे काका: रेकॉर्ड घराबाहेर जाणार नाही. ऐकायला या सगळे.

दादा: काका, येतो, पण सुई बदललीत का? गेल्या वेळी 'स'कार फाटत होता.

मोठे काका: तो मध्याजवळच्या खाचेमुळे. तूच सांगितलंस ना आत्ता.

दादा: काका, तो पहिल्याच गाण्यात फाटत होता. सुई मी घेऊन येतो.