मदत हवी आहे: ५ इंची फोनवर पीक नोंदणीच्या अ‍ॅपमधलं ‘पुढे’ बटण दिसत नाही

फोन वडिलांचा आहे, गाव परभणी जिल्ह्यात. स्क्रीन ५ इंच, ७२० बाय १२८०, अँड्रॉइड १०. अक्षरं बारीक दिसतात म्हणून फॉन्ट आणि डिस्प्ले साइझ दोन्ही मोठे ठेवलेत. अडचण पेऱ्याचं क्षेत्र भरायच्या पानावर येते. ते पान वर सरकतच नाही, त्यामुळे ‘पुढे’ बटणाची फक्त वरची हिरवी कड दिसते. तिच्यावर बोट ठेवलं की खालचं होम बटण दाबलं जातं.

करून पाहिलेलं: बॅक दाबून कीबोर्ड बंद केला, त्याची उंची कमी केली, फोन आडवा धरला (अ‍ॅप फिरत नाही). खालच्या तीन बटणांऐवजी जेश्चर (बोट सरकवून फोन चालवायची सोय) लावले, तरी बटण अर्धंच. शेवटी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (फोनच्या लपलेल्या सेटिंगमध्ये) ‘स्मॉलेस्ट विड्थ’ ४११ केली (हा आकडा वाढवला की स्क्रीनवरचं सगळं लहान होतं), तेव्हा बटण पूर्ण आलं. पण मग कॉल, व्हॉट्सअ‍ॅप सगळंच बारीक झालं, ते वडिलांना वाचता येत नाही. फॉन्ट परत वाढवला की बटण पुन्हा खाली जातं.

दुसऱ्याच्या फोनवरून करा, असं कृपया सुचवू नका. पिकाचा फोटो शेतातूनच काढायचा असतो आणि तेव्हा वडील एकटेच असतात. दर वेळी सेटिंग बदलणं त्यांना जमणार नाही. लॅपटॉप नाही, गरज पडली तर दुसरा अँड्रॉइड फोन आणि दोन फोन जोडायला ओटीजी केबल मिळेल.

अँड्रॉइड १० वर फक्त या एकाच अ‍ॅपपुरती डिस्प्ले साइझ लहान ठेवता येते का? येत असेल तर लॅपटॉपशिवाय कशी करायची?