न भेटलेली आपली माणसं : पडद्यावरच्या, पडद्यामागच्या आणि सुरांतल्या दिवंगतांच्या आठवणी

एखादा कलावंत गेला की दोन दिवस त्याचे फोटो सगळीकडे फिरतात आणि मग थांबतात. घरच्यांचं दुःख वेगळं, त्यात आपण शिरू नये. पण प्रेक्षक म्हणून, श्रोता म्हणून आपल्यालाही चटका बसलेला असतो. तो इथे लिहूया. विनंती एकच, 'भावपूर्ण श्रद्धांजली'पाशी थांबू नका. त्या माणसाच्या कामातलं नेमकं काय तुमच्याजवळ राहिलंय, ते सांगा. श्रेयनामावलीत ज्यांची नावं झरकन निघून जातात, त्यांच्याबद्दल तर आवर्जून लिहा.

सुरुवात मी करते. प्रभाकर जोग ऑक्टोबर २०२१ मध्ये गेले. गीतरामायणाच्या कार्यक्रमांत बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, स्वराशेजारी त्यांचं व्हायोलिन असायचं. पुढे 'गाणारं व्हायोलिन' ही त्यांची ओळखच झाली. मी स्वतः हे वाद्य शिकते, म्हणून सांगते: गाण्याची चाल वाजवणं एक आणि गाण्यातले शब्द ऐकू येतील असं वाजवणं वेगळं. कुठल्या अक्षरावर गज (तारांवर फिरवायची काठी) उलटायचा, कुठे दोन अक्षरं एकाच गजात घ्यायची, हे सगळं कवितेवरून ठरवावं लागतं. जोग वाजवायला लागले की मनात आपोआप शब्द उमटत. 'लपविलास तू हिरवा चाफा' ही चाल त्यांची आहे, हे गाणं आवडणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं. ते गेले तेव्हा बातम्यांत त्यांना फार थोडी जागा मिळाली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

* * *

चित्रपट-दिग्दर्शिका सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ ला गेल्या. कोरोनाची दुसरी लाट जोरात होती, रोज इतक्या बातम्या येत होत्या की ही बातमी त्यातच वाहून गेली.

माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश होता. आम्हा भावंडांत तेव्हा बोलणं व्हायचं ते औषधांच्या वेळांचं आणि रात्री कोण थांबणार याचं. मग आम्ही भाव्यांचा 'अस्तु' पाहिला. संस्कृतचे गाढे विद्वान असलेले आप्पा स्मृती हरवून एका हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताची बायको, जिला त्यांची विद्वत्ता ठाऊकही नाही, त्यांना लेकरासारखं सांभाळते. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष. चित्रपट संपल्यावर भावाने गाडी सुरूच केली नाही. म्हणाला, "ताई, बाबांना आपण कोण ते कळत नाही, पण आपण प्रेमाने वागतोय हे कळत असेल ना गं?" हा प्रश्न आमच्या घरात त्याआधी कुणी मोठ्याने विचारलाच नव्हता. त्यानंतर आम्ही बाबांबद्दल बोलू लागलो, नुसत्या त्यांच्या आजाराबद्दल नाही.

भावे समाजकार्याच्या क्षेत्रातून चित्रपटाकडे आल्या. पहिला लघुपट 'बाई' १९८५ चा, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. माणसाचं ऐकून घ्यायची सवय आधीची होती, कॅमेरा नंतर आला. त्यांच्या कामात ते दिसतं, असं मला वाटतं. त्यांना पत्र लिहायचं मनात होतं. ते पत्र इथेच लिहिलं असं समजते.

* * *

लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर २००४ मध्ये गेले. माझी मुलगी त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली. त्यांचे चित्रपट तिला तोंडपाठ आहेत. "ते आता कुठल्या सिनेमात आहेत?" असं तिने विचारलं, तेव्हा मला खरं सांगावं लागलं. ती रडली. इतक्या जुन्या मृत्यूसाठी त्या दिवशी आमच्या घरात कुणीतरी नव्याने रडलं.

* * *

मी संकलन विभागात काम करतो. माझी आठवण एका ध्वनिमुद्रकाची आहे. नाव देत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही.

प्रत्येक ठिकाणी चित्रीकरण आटोपलं की ते 'रूम टोन' घ्यायचे. म्हणजे सगळ्यांनी अर्धा-एक मिनिट जागच्या जागी स्तब्ध उभं राहायचं आणि त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करायची. संवादांच्या मधल्या फटी आम्ही पुढे तिनेच बुजवतो. ती नसली तर प्रत्येक काप कानाला टोचतो. दिवसभराच्या शिफ्टनंतर सगळ्यांना घरी जायची घाई असते, लाईटमन सामान आवरायला लागलेले असतात, आणि हे हात वर करून उभे! काही जण वैतागायचे. त्यांनी हे एकदाही टाळलं नाही.

ते गेल्याची बातमी कुठेही आली नाही. आमच्या युनिटच्या ग्रुपवर चार ओळी आल्या, तेवढंच. पण त्यांनी मुद्रित केलेल्या फायली अजून माझ्या डिस्कवर आहेत आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला जागेचं नाव त्यांच्याच आवाजात आहे. हा आवाज प्रेक्षकांपर्यंत जात नाही, तो कापणं हेच माझं काम. मूळ फायली मी पुसलेल्या नाहीत. मालिकांच्या शेवटी नावं पूर्ण दाखवावीत, वाचता येतील एवढ्या वेगाने दाखवावीत, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलतो. इथेही बोलतो.

* * *

प्रिया तेंडुलकर. १९८५ च्या दूरदर्शन मालिकेतली 'रजनी', रोजच्या अन्यायाविरुद्ध भांडणारी गृहिणी. एका भागावरून मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांनी निदर्शनं केली होती, इतकी ती मालिका झोंबली. त्या २००२ मध्ये गेल्या, अवघ्या सत्तेचाळिशीत. आई त्या दिवशी एवढंच म्हणाली, "मला भांडायला हिने शिकवलं." आई खरंच भांडते, पावती घेतल्याशिवाय हलत नाही.

* * *

वरचा ध्वनिमुद्रकांचा अनुभव वाचून भानू अथैया आठवल्या. कोल्हापूरच्या. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे तो पुरस्कार नीट जपला जावा म्हणून २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच तो ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडे परत सोपवला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या गेल्या.

इतक्या मोठ्या बाईंना आपल्या ठेव्याची एवढी काळजी वाटली, तर तबल्याची, बासरीची साथ करणाऱ्यांचं काय उरणार? माझ्याकडच्या जुन्या कॅसेटांच्या वेष्टनांवर छापलेली वादकांची नावं मी वहीत उतरवायला घेतली आहेत. काही वेष्टनांवर ती छापलेलीच नाहीत. कुणाकडे भावगीतांच्या मैफलींच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका असतील तर साथीदारांची नावं, साल आणि जागा इथे लिहा. निवेदक आणि ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याचं नाव असेल तर तेही.