रेस सोडली की गाडीनं किती अडावं? इलेक्ट्रिक बाइकच्या रिजनवर चर्चा

सोयाबीनवाला, औसा
रेस सोडली की मोटरच जनरेटर होते, गाडी आवळते आणि थोडं चार्जिंग बॅटरीत परत जातं. हे रिजन, म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, कंपन्या एवढं कडक काहून ठेवतात? माझं म्हणणं, रेस सोडल्यावर पेट्रोल गाडीच्या इंजिन ब्रेकिंगइतकंच असावं, बाकीचं ब्रेकच्या लिव्हरवर द्यावं. रिजन लागतं फक्त मागच्या चाकाला. आमच्याकडं ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. दाण्यावर चाक गेलं की माणूस दचकून रेस सोडतो, अन् नेमकं तेव्हाच मागचं चाक अडतं. लिव्हर बोटानं हळू दाबता येते. दचकलेल्या हाताला हळू जमत नाही.

घाटउतार, बीड
अजिबात पटलं नाही. मांजरसुंब्याचा घाट उतरताना पुढं उसाची ट्रॉली असली की मी रिजन फुल्ल करतो, ब्रेकला क्वचितच हात लागतो. लायनर वाचतात, मनगट दुखत नाही. दाण्यावर रेस एकदम सोडू नये हे पेट्रोल गाडीलाही लागू आहे की. चालवायची सवय बदला, गाडी कशाला बदलता? वर रेंज मिळते ती वेगळीच.

हिशेबी, जालना
रेंजचं जरा मोजू. माणसासकट २५० किलोची गाडी ६० च्या वेगात असेल तर तिच्यात जेमतेम १० वॅट-अवर ऊर्जा असते. ती सगळी परत मिळत नाही, अन् गाडी किलोमीटरला ३० वॅट-अवरच्या आसपास खाते. म्हणजे एका थांब्यामागं फार तर दोनशे मीटर. जालना-संभाजीनगर रस्त्यावर एकसारखं चालवलं तर परत मिळण्यासारखं काही नसतंच, सगळं वाऱ्याशी भांडण्यात जातं. घाटाचं मात्र खरंय. दोनशे मीटर उंची उतरली की १३० च्या वर वॅट-अवर सुटतात. त्यातले निम्मे आले तरी दोन किलोमीटर.

वेरूळ रोड
घाटउतार भाऊ, खुलताबादला रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी दौलताबादचा घाट उतरून बघा. शंभर टक्के बॅटरीत करंट घ्यायला जागाच नसते, मोटरचा करंट सांभाळणारा कंट्रोलर रिजन काढून घेतो. हाताला सवय रेस सोडून थांबायची, अन् गाडी सुसाट. वळणावर हे कळलेलं बरं नव्हे.

घाटउतार, बीड
मग नव्वदलाच प्लग काढायचा. एवढं काय त्यात.

सोयाबीनवाला, औसा
वा! म्हणजे घाटमाथ्यावर राहणाऱ्यानं पैसे पूर्ण बॅटरीचे मोजायचे अन् वापरायची नव्वद टक्के. शिवाय रेस सोडून वेग उतरवताना मागचा लाल दिवा सगळ्याच गाड्यांचा लागत नाही. पाठीमागच्या आयशरवाल्याला काय स्वप्न पडणार?

हिशेबी, जालना
दिव्याचा मुद्दा बरोबर. बाकी तोडगा बाजारात आहे. एथरच्या ४५० एपेक्स स्कूटरला रेस शून्याच्या मागं उलटी पिळली की रिजन वाढतं, म्हणजे मागाल तेवढंच मिळतं. अल्ट्राव्हायोलेटच्या एफ ७७ माख २ बाइकला तर रिजनच्या १० पायऱ्या दिल्यात.

घाटउतार, बीड
पायऱ्या शंभर द्या हो, पण शून्यही द्या अन् फुल्लही द्या. आमचं फुल्ल काढून सोयाबीनवाल्यांची सोय नको. माझ्या गाडीत किल्ली फिरवली की सेटिंग परत कंपनीच्या आकड्यावर येतं, आधी त्याचं बोला.

सोयाबीनवाला, औसा
त्यावर माझी सही घ्या. पण शोरूममधून निघताना आकडा कमीच असावा. नवा माणूस मेन्यूत शिरत नसतो.

घाटउतार, बीड
नवा माणूस घाटातही जातो, राव.