दोन दिवसांच्या पाहणीवरून ‘संरक्षित प्रजाती नाहीत’ असे म्हणता येते का?

काठावरचा (प्रश्न)

नमस्कार. मी स्थापत्य अभियंता असून एका नदीवरील पूल आणि त्याला लागून दोन्ही काठांवर मिळून सुमारे ६०० मीटर लांबीची संरक्षक भिंत, या कामाचा आराखडा माझ्याकडे आहे. वन्यजीव आणि वनस्पतींच्या पाहणीचा अहवाल गेल्या आठवड्यात हाती आला. दोन माणसांनी, पाणी उतरलेले असताना, सलग दोन दिवस सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत पाहणी केली आणि शेवटी एकच वाक्य लिहिले, की प्रकल्पक्षेत्रात कोणतीही संरक्षित प्रजाती आढळली नाही.

परवा खांबांच्या जागा आखायला गेलो तेव्हा पाण्याला टेकलेल्या एका सपाट खडकावर काळपट, चिकट विष्ठा दिसली. तिच्यात माशांचे खवले आणि बारीक काटे स्पष्ट दिसत होते. सोबतचे लोक ती कुत्र्याची असल्याचे म्हणाले. मला ते पटले नाही, म्हणून शेजारी पेन ठेवून छायाचित्र घेतले. माझा प्रश्न असा, की अशा अहवालावर काम सुरू करणे योग्य आहे का, आणि नसेल तर पाहणी करणाऱ्यांकडे नेमके काय मागावे?

शेवाळ

वर्णनावरून ती विष्ठा पाणमांजराची असण्याची शक्यता मोठी आहे. उठावाचे खडक, दोन प्रवाहांचे संगम, पुलाखालचे कोरडे कट्टे अशा ठरावीक ठिकाणी पाणमांजरे पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतात; ताजी असताना ती काळपट आणि ओलसर असते, तिला माशांचा वास येतो, आणि वाळली की राखाडी होऊन भुगा होतो. हा प्राणी बहुतेक ठिकाणी रात्री किंवा दिवस मावळताना हिंडतो, त्यामुळे सकाळी दहा ते पाच या वेळेत तो दिसला नाही यात नवल नाही. नवल आहे ते खडक न पाहिल्याचे.

‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांतले अंतर आकड्यांनी पाहा. समजा, एखादा प्राणी तेथे खरोखरच राहतो आणि एका फेरीत त्याचा माग सापडण्याची शक्यता ४० टक्के आहे. मग एकाच फेरीत तो निसटण्याची शक्यता ६० टक्के राहते. तीन स्वतंत्र फेऱ्या केल्या तर ती सुमारे २२ टक्क्यांवर येते आणि पाच फेऱ्यांनंतर ८ टक्क्यांच्या आत जाते. म्हणून अहवालात निष्कर्षाच्या आधी फेऱ्या किती, कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी आणि किती लांबी पायी तपासली, हे लिहिलेले असले पाहिजे. २००६ मध्ये यांगत्से नदीतील बैजी डॉल्फिनचा शोध घेताना दोन जहाजे सुमारे सहा आठवडे एकमेकांपासून स्वतंत्रपणे निरीक्षण करत होती, जेणेकरून एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसावे. एकही डॉल्फिन न दिसल्यानंतरच ती प्रजाती व्यवहारतः नामशेष झाल्याचे शास्त्रज्ञांनी म्हटले.

वनस्पतींच्या बाबतीत ऋतू आणखी आडवा येतो, कारण फूल किंवा फळ नसताना अनेक वनस्पती जातीपर्यंत ओळखताच येत नाहीत, आणि काठावरच्या कित्येक लहान वनस्पती वर्षातले काही आठवडेच जमिनीवर दिसतात. अमेरिकेतील मेन राज्यात सेंट जॉन नदीवर धरणाचा प्रस्ताव होता. त्यासाठीच्या पाहणीत १९७६ साली ‘फर्बिश लाउसवर्ट’ ही नामशेष मानली गेलेली वनस्पती पुन्हा सापडली. गोठलेल्या नदीचा बर्फ फुटून वाहताना काठ खरवडतो, झुडपे उपटून टाकतो आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत ही वनस्पती उगवते. म्हणजे झाडांची एक ओळ वाचवून भागत नाही. ती ओळ ज्या उलथापालथीवर जगते तीही टिकावी लागते. तुमची भिंत काठ बांधून टाकणार असल्यामुळे हा प्रश्न तुमच्याही कामाला लागू आहे, आणि तुम्ही पाठवलेल्या वर्णनात त्याचा उल्लेखच नाही.

मोजपट्टी

मीही बांधकामात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वेळापत्रक बहुतेकदा पाण्याच्या पातळीवर ठरते; वर्षभर पाहणी करा म्हटले की कामाचा एक पूर्ण हंगाम जातो. त्यापेक्षा एखादी संरक्षित वनस्पती किंवा शिंपला सापडलाच तर तो उचलून नदीच्या वरच्या अंगाला नेऊन ठेवावा, असा सोपा मार्ग का नसावा? शिवाय आता पाण्याचा नमुना गाळून त्यातील डीएनएवरून प्रजाती ओळखता येतात. दोन बाटल्या पाठवल्या की प्रश्न मिटला.

तळगाळ

डीएनएची पद्धत उपयोगी आहे, परंतु वाहत्या पाण्यात ती वरून आलेला माग दाखवते. प्राणी नेमका कुठे आहे, किती आहेत, जिवंत आहेत की मेलेले, हे तिला सांगता येत नाही. पुढे कुठे शोधायचे एवढे मात्र ती चांगले दाखवते.

हलवण्याबाबत मी सावध आहे. गोड्या पाण्यातील बहुतेक शिंपल्यांच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात, आणि पुष्कळदा त्यासाठी ठरावीक जातीचाच मासा लागतो. मोती देणाऱ्या युरोपीय शिंपल्याला सॅमन किंवा ट्राउट लागतो आणि तो शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो. त्यामुळे तळाशी शेकडो मोठे शिंपले दिसले तरी तेथे वर्षानुवर्षे एकही पिल्लू तगले नसेल, असे घडते. त्याची पिल्ले पहिली काही वर्षे खडीच्या फटींत पुरलेली असतात. बांधकामाचा बारीक गाळ फटींत भरला की ती गुदमरतात. तुम्ही प्रौढ शिंपले उचलून नेले, पण मासा आणि स्वच्छ खडी नेता आली नाही, तर केवळ म्हातारी पिढी हलवल्यासारखे होते. वर उल्लेखलेली लाउसवर्टही आपल्या मुळांनी शेजारच्या वनस्पतींकडून अन्न घेते. ती एकटी उपटून लावण्याजोगी नव्हे. आधी टाळावे, टाळता न आले तर नुकसान कमी करावे, नंतर दुरुस्ती करावी आणि भरपाईकडे सर्वांत शेवटी वळावे, हा क्रम त्यासाठीच आहे.

उशिरा सापडण्याची किंमतही पाहा. टेनेसीतील टेलिको धरणाचे काम १९६७ मध्ये सुरू झाले आणि बोटभर लांबीचा ‘स्नेल डार्टर’ मासा तेथे १९७३ मध्ये सापडला. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माशाच्या बाजूने निकाल दिला, पुढच्याच वर्षी संसदेने धरणाला सूट दिली आणि पाणी अडवले गेले. आपला एक हंगाम जातो म्हणता, पण काम निम्म्यावर थांबण्यापेक्षा तो आधीच गेलेला स्वस्त पडतो.

शेवाळ

एक भर घालतो. पाहणीची हद्द भिंतीच्या ६०० मीटरवर संपता कामा नये. गाळ खाली वाहत जातो, पाण्याचा तुंबारा वर चढतो. वाहनांची वाट, खडी टाकण्याची जागा आणि रात्रीचे दिवे हेही त्यात धरावे लागतात. जुना पूल पाडणार असाल तर त्याच्या भेगांमध्ये वटवाघळे आहेत का, हे दिवस मावळताना खाली उभे राहून पाहावे. आणि देशाच्या कायद्याची संरक्षित यादी वेगळी, जागतिक लाल यादी वेगळी. पहिलीने कायदेशीर बंधन येते, दुसरी धोका किती ते सांगते. अहवालाने दोन्ही तपासलेल्या असाव्यात.

काठावरचा

आभारी आहे. आज पहाटे पुन्हा गेलो होतो. त्याच खडकावर रात्रीतली ताजी विष्ठा होती आणि खालच्या ओल्या वाळूत पाच बोटांचे ठसे पाण्याकडे गेलेले होते. छायाचित्रे तारीख, वेळ आणि ठिकाणासह वरिष्ठांना पाठवली असून उजव्या काठाच्या खांबाची आखणी सध्या थांबवली आहे. तो खांब वरच्या अंगाला सरकवता येतो का, याची गणिते आज रात्री करून पाहतो.