पेलेट-बुलेटला लेप: नेम सुधारतो का, बॅरल टिकतं का?

धरमपेठ-दहा-मीटर (धागाकर्ता)

उन्हाळी शिबिरं सुरू झाली की नागपुरात हा विषय हमखास निघतो. कोणी सांगतं पेलेट (एअर रायफलची शिशाची छोटी गोळी) धुऊन तेल लावा, कोणी म्हणतं मोली चोळा, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पावडर. ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) बारीक होतो आणि बॅरलचं आयुष्य वाढतं, असा दावा. पालक मग त्या पावडरीच्या मागे पैसे घालवतात. माझं मत आधीच सांगतो: दहा मीटर एअर रायफलला लेपाचा फायदा नाही, नुकसान होऊ शकतं. .२२ च्या (रायफलच्या छोट्या काडतुसाच्या) गोळीला तर हातच लावू नये.

आधी आकडे बघा. ४.५ मिमीचा पेलेट, वजन साधारण ०.५३ ग्रॅम, वेग १७२ मीटर प्रतिसेकंद धरू. दहा मीटर जायला त्याला ०.०५८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सुमारे १६.५ मिमी खाली येतो. वेग एक टक्का कमीजास्त झाला, तर हे पडणं दोन टक्क्यांनी बदलतं, म्हणजे ०.३३ मिमी. आपल्या टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे ०.२५ मिमी. तेव्हा प्रत्येक पेलेटला सारखं तेल लागलं नाही आणि वेगात तीन मीटरचा फरक पडला, तर नेम अगदी बरोबर असूनही गोळी अर्धा मिमीपेक्षा जास्त वरखाली जाणार. दोन दशांश तिथेच गेले. पात्रता फेरीत ६० शॉट असतात आणि आजकाल नावं दशांशावर कटतात.

बॅरलचं म्हणाल, तर मऊ शिशाचा पेलेट बॅरलच्या आतल्या पोलादी खाचांना झिजवतच नाही. एअर रायफलचं बॅरल खराब होतं ते गंजाने आणि चुकीच्या सफाईने. ज्या झिजेवर औषध म्हणून लेप विकला जातो, ती झीज इथे नाहीच.

इतवारीकर

भाऊ, तेल आणि मोली एकाच पारड्यात काहून टाकता? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

पेलेटच्या डबीत तळाशी काळी भुकटी असते. ते शिसं आणि कारखान्यातलं ग्रॅफाइट असते. ती भुकटी खाचांत जाते, चोकपाशी, म्हणजे नाळीच्या तोंडाजवळच्या अरुंद भागात जमते, आणि मग मधूनच एक फ्लायर, म्हणजे ग्रुपबाहेर भरकटलेली गोळी येते. पोरगं बिचारं ट्रिगरला दोष देत बसते. म्हणून धुणं चांगलंच आहे जी. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, ५०० पेलेट चाळणीत घेऊन हलकेच गोल फिरवायचे. घासायचे नाहीत, स्कर्ट (पेलेटचा मागचा पोकळ भाग) पातळ असते, चेपलं की पेलेट वाया. साध्या पाण्याने दोनदा खळखळून सुती कापडावर पसरायचे आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायचे. एप्रिल-मेमध्ये तासाभरात वाळतात, पावसाळ्यात रात्रभर ठेवा.

आता धुतल्यावर शिसं उघडं पडते. कारखान्याने दिलेला पातळ थर निघून गेला ना! जुलैमध्ये असे पेलेट महिनाभर तसेच ठेवून पाहा, पांढरट बुरशीसारखा थर धरते. म्हणून तेल. डबीच्या आकाराचा फोमचा तुकडा घ्यायचा, त्यावर हलक्या तेलाचे पाच-सहा थेंब, बोटाने दाबून सगळीकडे पसरवायचे, पेलेट त्यावर एकदा लोळवायचे आणि काढून घ्यायचे. बोटाला ओलं लागलं तर तेल जास्त झालं, पुन्हा कापडावर लोळवा. असं केलं तर तुमचा तीन मीटरचा फरक येत नाही.

धरमपेठ-दहा-मीटर

इतवारीकर, पद्धत बिनचूक आहे, पण त्यातच उत्तरही आहे. धुतलं म्हणून तेल लावावं लागलं. धुतलंच नसतं तर? भुकटी जास्त असलेल्या डबीसाठी पेलेट बारीक चाळणीत दोन-चार वेळा हलवून भुकटी पाडा आणि थर तसाच राहू द्या. ५०० पेलेट हाताळताना जितके स्कर्ट चेपतात, तेवढं नुकसान भुकटी करत नाही.

शिवाय तेल कोणतं, हे कोणी विचारत नाही. क्लबमधल्या जुन्या स्प्रिंगच्या गनमध्ये तेलकट पेलेट घातला, की पिस्टनच्या दाबाने हवा तापते, तेलाची वाफ पेटते आणि तो शॉट एकदम वर जातो. धूर दिसला, जळका वास आला की समजा. पीसीपीमध्ये (सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलमध्ये) असं पेटत नाही, पण चुकीच्या तेलाने लोडिंगच्या जागचा ओ-रिंग फुगतो आणि हवा गळायला लागते. भरण्याच्या बाजूला, म्हणजे सिलिंडर-पंपाच्या जोडापाशी, खनिज तेलाचा थेंबही नको. तिथे २०० बारचा दाब असतो आणि तेल पेट घेऊ शकतं.

थ्रोट-गेज

धाग्याचं नाव पेलेट-बुलेट आहे आणि बोलणं चाललंय फक्त पेलेटवर. लेपाचा खरा वाद तांब्याच्या जॅकेटच्या बुलेटचा आहे, ३०० मीटर बिग बोअरचा, म्हणजे मोठ्या काडतुसाच्या रायफलचा. तिथे मी लेपाच्या बाजूने आहे.

धरमपेठवाल्यांचा एक मुद्दा आधीच मान्य करतो. अशा मोठ्या काडतुसाचं (सेंटरफायर) बॅरल घर्षणाने मरत नाही, उष्णतेने मरतं. दारूच्या ज्वाळेचं तापमान अडीच हजार अंशांच्या आसपास जातं आणि चेंबरपुढचा थ्रोट त्यात भाजून निघतो. पृष्ठभागाला जाळीसारख्या भेगा पडतात, पोलाद कणाकणाने उडतं, खाचांची सुरुवात पुढे सरकते. बुलेट कितीही गुळगुळीत करा, ती ज्वाळा तीच. लेपाने घर्षण कमी होतं, त्यामुळे दाब आणि वेग थोडा उतरतो. तो वेग परत मिळवायला कारखाना दारू वाढवणार, म्हणजे वाचलेली उष्णता पुन्हा आत. .३०८ काडतुसाचं बॅरल चार-पाच हजार शॉटपर्यंत चांगला ग्रुप देतं, लेपाने ते दहा हजार होणार नाही.

पण लेपाने तांबं कमी चिकटतं. जॅकेट ९५ टक्के तांबं, ५ टक्के जस्त. नेहमीच्या बुलेटने चाळीस-पन्नास शॉटनंतर ग्रुप फुटायला लागणारं बॅरल, लेपाच्या बुलेटने त्याहून बरंच पुढे सलग चालतं. लांबलचक सामन्यात मध्ये सफाई करता येत नाही, तिथे हा फायदा थेट गुणांत दिसतो. आणि सफाई कमी म्हणजे रॉड कमी. क्राऊन (नाळीच्या तोंडाची कड) आणि खाचांच्या कडा गोळीपेक्षा रॉडने जास्त खराब होतात, विशेषतः नाळीच्या तोंडाकडून जोडाचा रॉड घालणाऱ्यांच्या हातून. तेव्हा लेपाने बॅरलचं आयुष्य वाढतं, फक्त आडमार्गाने.

लक्ष्मीनगर-रसायन

थ्रोट-गेज यांचा मुद्दा बरोबर आहे, पण कोणता लेप यावर सगळं अवलंबून आहे. मोलीत गंधक आहे. दमट हवेत मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं हळूहळू ऑक्सिडेशन होतं आणि आम्ल तयार होतं. बॅरलमध्ये मोलीचा थर, त्यावर कार्बन, पुन्हा मोली असा पापुद्रा थ्रोटपाशी बसतो. त्याच्याखाली ओल अडकली तर पोलादावर बारीक खड्डे पडतात. वरून काळी चमक दिसते, म्हणून वापरणाऱ्याला वाटतं बॅरल छान आहे. तांबं काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंटही त्या थराखाली नीट पोचत नाही.

हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड, म्हणजे एचबीएन, पांढरं असतं, त्यात गंधक नाही, पाण्याशी त्याची प्रक्रिया होत नाही. हवेत ते नऊशे अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं, तर मोली चारशेच्या आतबाहेर बिघडायला लागते. घसरण दोघांची एकाच कारणाने: अणूंचे पापुद्रे एकमेकांवरून सरकतात. घर्षण मोलीने जरा जास्त कमी होतं, पण गंजाचा धोका पाहता मी एचबीएनच निवडीन.

लेप देतात तो कसा, हे माहीत असलं की तयार माल पारखता येतो. बुलेट आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण तेलविरहित करतात, बोटाचा ठसाही चालत नाही. मग प्लास्टिकच्या बरणीत बुलेट, पोलादी छर्रे आणि चिमूटभर पावडर घालून बरणी दोन-तीन तास फिरवतात. छर्ऱ्यांच्या माराने पावडर जॅकेटमध्ये दाबली जाते. शेवटी सुती कापडाने जादा पावडर पुसतात. ढिगारे, पट्टे किंवा तांबडे ठिपके दिसले तर तेल राहिलं होतं किंवा पावडर जास्त झाली. असा माल नेमबाजीला घेऊ नये.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ बघा. भरलेलं काडतूस उघडून बुलेटला लेप देणं हा विषयच नको. लेप हवा असेल तर कारखान्यातून आलेलाच.

धरमपेठ-दहा-मीटर

हे पटलं. बिग बोअरपुरता माझा विरोध मागे. .२२ वर मात्र ठाम आहे. त्या शिशाच्या गोळीवर कारखान्याने मेण किंवा चरबीचा थर दिलेलाच असतो आणि बॅरल त्या थराला सरावलेलं असतं. एका कंपनीच्या गोळीवरून दुसरीवर गेलात, की पहिले दहा-वीस शॉट ग्रुप भटकतो, कारण आतलं मेण बदलत असतं. त्यावर तुम्ही तिसरं काही चोळलंत तर बॅरल कधीच स्थिरावणार नाही.

नागपुरात तर आहे तो थर सांभाळणंच मोठं काम. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत गोळ्यांचा डबा राहिला, तर मेण मऊ होऊन एका बाजूला ओघळतं. अशी गोळी डोळ्याला दिसतेच: खालच्या अंगाला पिवळसर जाड कड, वरचं अंग कोरडं. लू चालू असताना डबा उघडा राहिला तर धूळ त्या मेणाला चिकटते, आणि शिसं जे करत नाही ते ती धूळ बॅरलला करते. डबा प्रत्येक पाच गोळ्यांनंतर बंद करा.

इतवारीकर

.२२ चं मान्य. पेलेटचं नाही. तुम्ही गणित मांडलं, पण ते असमान तेलाचं. समान तेल लावलं तर काय होते, हे कोणी मोजून सांगेल?

मानकापूर-लेन-चार

मोजायची रीत लिहितो, कारण बहुतेक जण पाच-पाच शॉटचे दोन ग्रुप मारून निकाल लावतात. पाच शॉटचा ग्रुप नशिबानेही छोटा येतो.

रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बांधा, हाताने मारून ही परीक्षा होत नाही. एकाच लॉटचे, एकाच हेड साइजचे (डोक्याच्या व्यासाचे) पेलेट घ्या, कारण ४.४९ आणि ४.५० मधला फरक तेलाच्या फरकाला गिळून टाकतो. अर्धे डबीतले तसेच, अर्धे इतवारीकरांच्या पद्धतीने. प्रत्येकी दहा शॉटचे किमान पाच ग्रुप. प्रत्येक ग्रुपची बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी मोजून त्यातून ४.५ वजा करा. कोणता पेलेट चालू आहे हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका. क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) असेल तर वेगाचा चढउतारही लिहा, ग्रुपआधी तिथेच फरक दिसतो. सिलिंडरचा दाबही दोन्हीकडे सारखा ठेवा.

थ्रोट-गेज

यात एक मेख आहे. तेलाचा ग्रुप मारल्यावर बॅरलमध्ये तेल राहतं, त्यामुळे पुढचा कोरडा ग्रुप कोरडा नसतोच. आलटून-पालटून मारले तर दोन्ही सारखेच येतील आणि लोक म्हणतील फरक नाही. सगळे कोरडे ग्रुप आधी उरका. मग तेलाचे वीस शॉट नुसते जाऊ द्या आणि त्यानंतर तेलाचे ग्रुप मोजा. परत कोरड्यावर यायचं असेल तर नायलॉनच्या दोरीने, चेंबरकडून तोंडाकडे, कोरडे फेल्ट (सफाईचे बोळे) स्वच्छ निघेपर्यंत ओढा आणि पुन्हा वीस शॉट द्या. लेपाच्या बुलेटलाही हाच नियम.

लक्ष्मीनगर-रसायन

परीक्षा होईपर्यंत कूलरचं बघा. बॅरलवर खरा हल्ला तिथून होतो. बाहेर मे महिन्याची कोरडी हवा असते म्हणून लोक निश्चिंत राहतात आणि रायफल ठेवतात कूलरच्या खोलीत, जिथे रात्रभर ओली हवा भिरभिरते. फोमची केस ती ओल शोषून धरते. रायफल कूलर नसलेल्या खोलीत, केस उघडी ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून वाळवा. जास्त दिवस ठेवायची असेल तर बॅरलमधून तेलाचा एक फेल्ट फिरवा. वापरायच्या आधी दोन कोरडे फेल्ट ओढा आणि पहिले दहा-पंधरा शॉट गुणांत धरू नका.